तीन शिंका

आमच्या इमारतीत वायफाय एकच, माझं.
खालच्या मजल्यावरची लामारा ते वापरते
आणि दर शनिवारी
अक्रोड भरलेली वांगी आणून देते.
हा दर मी ठरवलेला नाही.

एकतीस वर्षं तिनं च्यातुराचा रोपवे चालवला.
खाणकामगार वर, खाणकामगार खाली,
साडेचार मिनिटं चढ, साडेचार मिनिटं उतार,
पायाखाली मँगनीजनं काळी पडलेली क्विरिला नदी.
"अंतर मोजलंस तर," ती म्हणायची,
"पृथ्वीला चार-पाच फेऱ्या झाल्यात माझ्या.
पण दोर इथंच बांधलेला होता ना."

मग निवृत्ती, आणि टीव्ही.
मुलानं, झाझानं, पोलंडहून पाठवलेला,
भिंतीपेक्षा जरासाच लहान.
आधी स्वयंपाकाचे कार्यक्रम, मग तुर्की मालिका,
मग एका रात्री बोट भलत्याच बटणावर पडलं
आणि खोलीत वाळवंट आलं.
नामिबिया. एक पाणवठा. जागचा न हलणारा कॅमेरा.
निवेदक नाही, संगीत नाही,
नुसता वारा
आणि खाटेएवढं पाणी.

"यात बघायचं काय?"
"कोण येतंय ते," ती म्हणाली
आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

पहिल्या रात्री कोणी आलं नाही.
दुसऱ्या रात्री कोल्हा आला,
चार वेळा मागं वळून बघितलं, तेव्हा कुठं प्यायला.
तिसऱ्या रात्री ओरिक्स,
शिंगं पट्टी लावून आखल्यासारखी.
तिनं सगळ्यांना नावं दिली, खाणीतल्या माणसांची:
लंगडणारा ओरिक्स म्हणजे मुकादम वाझा,
मान वर करून चालणारं शहामृग म्हणजे
पगार वाटणारी त्सिआला.

हिवाळ्यात झाझानं दातांसाठी पैसे धाडले.
खालची अख्खी कवळी, कुताइसीचा महागडा दवाखाना.
लामारानं आधी आरशात पाहिलं, मग पडद्यात.
"पाव रश्श्यात भिजतो," एवढंच बोलली.

मार्चमध्ये तिच्या दाराला कुलूप.
किल्ली माझ्याकडे, आणि फोनवर एक ओळ:
रविवारी रात्री आठला बघा.

आठच्या आधीच तिची खोली भरली.
औषधांच्या दुकानातली गुलिको आली, सूर्यफुलाच्या बिया घेऊन.
खरा वाझाही आला;
आपण ओरिक्स आहोत, हे त्याला अजून माहीत नाही.
तिकडे उन्हं उतरत होती.
चित्र दोनदा अडकलं, सगळे माझ्याकडे बघू लागले,
जणू वाळवंटाचं बिल मी थकवलं होतं.

वाळू. पाणी. एक पक्षी, नाव न ठेवलेला.
लामारा कुठंच नाही.
साडेआठला लंगडा ओरिक्स आला, गुडघ्यांवर वाकला,
आणि तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून
कोणीतरी शिंकलं.
एक.
दोन.
आम्ही श्वास धरला.
तीन.

एकतीस वर्षांची खाणीची धूळ,
कधी दोनवर थांबली नाही, चारवर गेली नाही.
"जगत राहा!" अख्खी खोली टीव्हीवर ओरडली,
रोपवेच्या डब्यात ओरडायची तशीच.
ओरिक्सनं मान उचलली, थेट आमच्याकडे पाहिलं.
वाझानं टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

परत आली ती उन्हानं रापून,
बोळक्या तोंडानं हसत.
"काय पाहिलंस?"
"पाण्याला घाण वास येतो. कॅमेऱ्याला नाक नसतं."
मग जरा वेळानं, वांगी कापता कापता,
"आणि त्याच्या मागं एक डोंगर आहे, केवढा!
इतके दिवस आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो."

गुलिको हल्ली एक दीपगृह बघते.
वाझा विचारत होता, पासपोर्टला फोटो किती लागतात.
मीही रात्री एक बंदर लावून ठेवतो, उत्तरेकडचं.
सातची बोट सुटते,
पडद्याच्या कडेपर्यंत दिसते, मग दिसत नाही.
नुसतंच बघतो.
माझे दात अजून सगळे शाबूत आहेत.